कोकणात दारू सोडणाऱ्यांची सभा कशी शोधायची: पहिल्या फोनपासून दुसऱ्या सभेपर्यंत

सभांच्या यादीवर पत्ता होता, वार होता, वेळही होती. आषाढातल्या पावसात दोन एसट्या बदलून मी तालुक्याच्या गावी त्या शाळेपाशी पोचलो, तर दाराला कुलूप. शेजारचा दुकानदार म्हणाला, "ते लोक होय? ते आता हितं बसत नाहीत." माझ्या गावची वस्तीची गाडी सुटायला दीड तास होता आणि स्टँडच्या कोपऱ्यावर बार. पुढचं सांगायला नको. पुन्हा सभा शोधायला मला अकरा महिने लागले.

यादी जुनी होती, हे खरं. पण निघण्याआधी एक फोन करायचा असतो, तो मी केला नव्हता. आज मला सभा शोधणाऱ्यांचे जे फोन येतात त्यातल्या बहुतेकांचं घोडं इथंच अडलेलं असतं. पत्ता मिळाला की काम झालं, असं त्यांना वाटतं. मुंबईत एक सभा बंद मिळाली तर माणूस लोकलनं दुसऱ्या सभेला जातो. आपल्याकडे पुढची सभा दुसऱ्या तालुक्यात आणि पुढच्या आठवड्यात असू शकते. म्हणून इथं पत्त्याआधी त्या दिवशी दार उघडणारा माणूस शोधायचा.

१. आधी शरीराचं बघा

सभेला जायचं ठरलं की बरेच जण उत्साहात त्याच सकाळी दारू एकदम बंद करतात. काहींना ते झेपतं. पण रोज भरपूर पिणारा, सकाळी हात थरथरतात म्हणून घोटभर लागणारा किंवा पूर्वी सोडताना फेफरं आलेला माणूस असेल, तर ही घाई जिवावर बेतू शकते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फेफरं बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतं. भास, भ्रम, ताप, कुणी तरी मारायला आलंय असं वाटणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार दुसऱ्या ते चौथ्या दिवसात होतो. घरचे त्याला "बाहेरचं लागलं" म्हणून गाऱ्हाणं घालायला नेतात आणि मोलाचे तास जातात. गाऱ्हाणं मागाहून घाला, आधी दवाखाना.

तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय (सिंधुदुर्गात ते ओरोसला आहे), रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, यातलं जे जवळ असेल तिथं आधी दाखवा. मनोरुग्णालयाचं नाव ऐकून दचकू नका. व्यसन हा मानसोपचाराच्या डॉक्टरचाच विषय आहे. डॉक्टरला "थोडी घेतो" सांगू नका. "रोज दोन क्वार्टर, शनिवारी जास्त, सकाळी उठल्यावर पहिली" असा हिशेब द्या. औषधाचं प्रमाण त्यावर ठरतं.

थांबा: फेफरं आलं, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा रक्ताची उलटी झाली तर सभा, फोन, यादी सगळं बाजूला ठेवून १०८ लावा.

थांबा: "पेशंटच्या नकळत दारू सोडवा" अशा पाट्या स्टँडवरच्या खांबांना चिकटवलेल्या असतात. जेवणातून गुपचूप पूड देऊ नका. दारू सोडवण्याच्या काही गोळ्यांवर दारू प्यायली की रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो. त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि पिणाऱ्याला सांगूनच द्यायच्या असतात.

२. काय शोधताय ते आधी ठरवा

तीन वेगळ्या गोष्टींची आपल्याकडे नेहमी सरमिसळ होते.

व्यसनमुक्ती केंद्रात माणूस भरती होतो, राहतो, बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे लागतात.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा. तास-दीड तास बसायचं, बोलायचं, ऐकायचं, घरी जायचं. फी नाही, फॉर्म नाही, भरती नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात सभासद आपखुशीनं पैसे टाकतात. नव्या माणसानं काही टाकलं नाही तरी चालतं. बाहेरच्यांची देणगी ते घेत नाहीत.

अल-अनॉन ही पिणाऱ्याच्या घरच्यांची वेगळी सभा. बायको, आई, भाऊ, मुलगी, कुणीही.

सगळ्यात जास्त गोंधळ घरच्यांच्या फोनवर होतो. बायको एएचा नंबर लावते आणि विचारते, "ह्यांना कधी न्यायला येताय? किती पैसे पडतील?" पलीकडचा माणूस सांगतो की आम्ही न्यायला येत नाही, त्यांना स्वतःला बोलू दे. ताई फोन ठेवते आणि "तिथं काही होत नाही" असं वाडीभर होतं. ताई, तुमचा फोन अल-अनॉनसाठी करा. नवरा यायला तयार असो वा नसो, तुम्ही जाऊ शकता. त्याच्यासाठी जागा हवी असेल तर त्याला फक्त नंबर द्या. तो रात्री दोनला एकटा जागा असेल तेव्हा वापरेल, कदाचित.

तपासा: समोरचा "गाडी पाठवतो, पेशंट उचलतो, ॲडव्हान्स भरा" म्हणाला तर तो एएचा नव्हे, हे पक्कं समजा.

३. शोधायचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे, कारण उलटा शोधला तर उत्साह आधी संपतो.

पहिल्यांदा एएच्या भारतातल्या अधिकृत संकेतस्थळावर आपला जिल्हा आणि शेजारचे जिल्हे बघा. त्यांचं सर्वसाधारण सेवा कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे. तिथं फोन करून "माझ्या तालुक्याच्या जवळचा समूह कोणता आणि तिथला माणूस कोण" असं विचारा. "कोकणात कुठं आहे?" असं विचारू नका. पालघर ते दोडामार्ग हे अंतर सांगणाऱ्याला कळेलच असं नाही. आपलं गाव, जवळचं एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन सांगा.

मग सरकारी मदतवाहिन्या. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६, दोन्ही निःशुल्क. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं, रात्रीअपरात्रीही. सभेचा वार त्यांना माहीत असेलच असं नाही, पण जवळचा डॉक्टर, केंद्र, समुपदेशक ते सांगतात. मन फारच खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर हाच फोन पहिला.

तिसरं ठिकाण म्हणजे जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. तिथल्या समाजसेवकाला विचारा. सभासद अशा ठिकाणी आपले नंबर ठेवून जातात. चर्च असलेल्या गावात फादरना विचारायलाही हरकत नाही. सभा चर्चच्या हॉलमध्ये भरली तरी तिचा धर्माशी संबंध नसतो. "किरिस्तांवाची सभा" म्हणून न जाणारे मी पाहिलेत. शाळेत भरली म्हणून ती काही शाळा होत नाही.

जिल्ह्याची हद्द डोक्यातून काढा. सावंतवाडी, दोडामार्गवाल्याला गोव्यातली सभा जवळ पडू शकते. पालघर, वसईवाल्याला मुंबईच्या लोकलवरची. अलिबागकर मांडव्याहून मुंबई गाठू शकतो, पण गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, हे धरून वार ठरवा. आणि तुमचा भाऊ किंवा मेव्हणा मुंबईत असेल, म्हणजे असणारच, तर त्याच्याकडे आठवडाभर राहून रोज एक सभा करून या. चाकरमानी गावी येतात, तसं आपण एकदा उलट जायचं. सुरुवातीला हे फार उपयोगी पडतं, कारण मुंबईत सभा भरपूर आहेत आणि तिथं ओळखीचं कुणी भेटायची धास्ती कमी.

४. फोन: इथंच सगळं ठरतं

नंबर मिळाला की दोन दिवस तो खिशात राहतो. राहू दे, पण तिसऱ्या दिवशी लावा. पलीकडचा माणूस पगारी नसतो. तो रिक्षा चालवत असेल, शाळेत शिकवत असेल, बागेत असेल. दुपारी उचलला नाही तर संध्याकाळी सातनंतर लावा किंवा मेसेज टाका. एकदा वाजून गेला म्हणून "कुणी उचलत नाही" असं ठरवू नका.

बोलायचं काय, याचाच लोकांना घाम फुटतो. एवढं पुरे: "माझं पिणं थांबत नाही. मला सभेला यायचंय." आडनाव, गाव, नोकरी सांगायची गरज नाही. प्यायलेले असाल तरी फोन करू शकता. फक्त त्या अवस्थेत ऐकलेलं सकाळी आठवत नाही, म्हणून कागद-पेन घेऊन बसा.

हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या:

सभा या आठवड्यात नक्की आहे का? "दर गुरुवारी असते" हे उत्तर पुरत नाही.
त्या दिवशी दार कोण उघडणार? त्यांचा नंबर?
सभा खुली की बंद? खुल्या सभेला घरचा माणूस, मित्र, कुणीही बसू शकतो. बंद सभेला फक्त दारू सोडू पाहणारे.
जागेची खूण काय? तिठ्यापासून कुठल्या बाजूला, खाली की माडीवर?
सुटते किती वाजता?
आणि सगळ्यात मोलाचं: स्टँडवर कुणी भेटेल का?

शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. लाजू नका. नवा माणूस दारापर्यंत येऊन परत फिरतो हे त्यांना ठाऊक असतं, कारण तेही फिरलेले असतात.

बायांसाठी: कोकणातल्या सभेत पुरुषच जास्त असण्याची शक्यता आहे. फोनवरच सांगा की मला आधी एखाद्या बाई सभासदाशी बोलायचंय. जिल्ह्यात कुणी नसेल तर मुंबई किंवा गोव्यातल्या ताईचा नंबर मागा. पुढं आपल्याला वाट दाखवणारा अनुभवी सभासद, ज्याला स्पॉन्सर म्हणतात, तोही बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष असाच सुचवतात.

तपासा: सभेच्या दिवशी सकाळी पुन्हा एक फोन. पाऊस, वीज, शाळेत निवडणुकीचं काम, दहावीची परीक्षा, काहीही होतं.

५. जाण्यायेण्याचं आधी ठरवा

सभा साडेसातला सुटते आणि शेवटची गाडी सातला. हा कोकणातला नेहमीचा घोळ. त्यावर लोक करतात काय, तर सभा अर्धी सोडून निघतात. शेवटची पंधरा मिनिटं आणि नंतरचा चहा यातच खऱ्या ओळखी होतात, आणि नेमकं तेच हुकतं.

परतीची गाडी आधी बघा, मग जायची. गाडी बसत नसेल तर फोनवरच सांगा, "मला परतीला गाडी नाही." कुणीतरी दुचाकीवर तिठ्यापर्यंत सोडतं. लवकर पोचणार असाल तर तो मधला वेळ कुठं काढायचा तेही ठरवा: वाचनालय, देऊळ, ओळखीचं दुकान. स्टँडवर रिकामं बसू नका, माझा अनुभव वर सांगितलाच आहे. खिशात भाडं आणि चहापुरते पैसे असू देत. पाचशेची नोट घरी राहिलेली बरी.

दुसरी अडचण वाडीची. चप्पल घालून बाहेर पडलात की पहिला प्रश्न, "खंय चललंस?" उत्तर तयार ठेवा. सभा बाजाराच्या दिवशी आली तर प्रश्नच नाही. नाहीतर दाताचा डॉक्टर, बँक, जमिनीच्या सातबाऱ्याचं काम. सातबाऱ्याचं काम वर्षभर चालतं, कुणाला शंका येत नाही. घरात मात्र एका तरी माणसाला खरं सांगून जा. नाहीतर उशीर झाला की घरच्यांना वाटणार गडी बसला कुठंतरी, आणि सोबर, म्हणजे न पिता, येऊनही शिव्या खाल.

मच्छीमारांसाठी वेगळं गणित आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हे दोन महिने हाताला काम नसल्यानं पिणं वाढतं, पण सलग सभा करायलाही तेवढाच वेळ मिळतो. बंदी सुरू होण्याआधीच सभा शोधून ठेवा. हंगामात खोल समुद्रात रेंज नसते, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री आणि धक्क्याला लागल्याबरोबर एकेक फोन, असं आपल्या सभासदाशी ठरवून घ्या. धक्क्याला लागल्यावरचा जास्त महत्त्वाचा, कारण हिशेबाचे पैसे तेव्हाच हातात येतात.

६. सभेत काय होतं

दहा मिनिटं आधी पोचा. पाच-सात माणसं असतील, कधी तीनच. गर्दी नाही म्हणून सभा खोटी नसते. सुरुवातीला थोडं वाचन, प्रार्थना, मग एकेक जण आपलं पहिलं नाव सांगून, मद्यपी असल्याचं म्हणून आपल्या पिण्याबद्दल आणि न पिण्याबद्दल बोलतो. मधे कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" म्हणालात तरी चालतं. प्रार्थनेत देव येतो, तो कुठला हे कुणी विचारत नाही. देव न मानणारेही बसलेले असतात.

प्यायलेले असाल तर? सहसा हाकलत नाहीत. गडबड न करता ऐकत बसा. मात्र गाडी चालवत जाऊ नका.

ओळखीचं कुणी दिसलं तर? छोट्या तालुक्यात दिसणारच. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात समोर आमच्या पतपेढीचा माणूस बसला होता. मी उठणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की तोही त्याच कारणासाठी आलाय. तिथं पाहिलेलं, ऐकलेलं तिथंच ठेवायचं, हा नियम आहे. तुम्हीही तो पाळा: बाहेर भेटल्यावर "परवा सभेत" म्हणून हाक मारायची नाही, आणि तिथं फोटो काढायचा नाही.

थांबा: "मी दारू कुठं घेतो, फक्त माडी घेतो" किंवा "काजूच्या दिवसांत उर्राक, ती काय दारू आहे का?" हा वाद सभेत घालायला जाऊ नका. माडीही दारूच, बिअरही, फेणीही. माडातून उतरवलेली सकाळची गोड माडी संध्याकाळपर्यंत आंबून चढी होते, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

थांबा: सभेत कुणी उसने पैसे मागितले, विमा किंवा औषध विकायला लागला, तर नाही म्हणा आणि जुन्या सभासदाच्या कानावर घाला. तिथंही माणसंच येतात.

७. ऑनलाइन सभा: सोय चांगली, आडनाव काढा

जवळ सभा नसेल किंवा घाट पावसानं बंद असेल तर मोबाइलवरच्या सभा आहेत, मराठीतही. त्यांचा दुवा आणि वेळ फोनवरच विचारून घ्या. आत जाण्याआधी पडद्यावर दिसणारं नाव बदला. आपल्याकडे आडनाव सांगितलं की गाव, वाडी, कधी कधी घरसुद्धा कळतं. प्रोफाइलवरचा कुटुंबाचा फोटोही काढा. इअरफोन लावा, कौलारू घरात आवाज माडीवरून ओटीपर्यंत जातो. रेंज फक्त सड्यावर येत असेल तर सड्यावर जाऊन बसा, पण पावसाळ्यात विजा होत असताना नको.

एक चूक इथं हमखास होते: व्हिडिओ बंद, आवाज बंद, एकीकडे जेवण चालू. अशा वीस सभांनीही कुणी तुम्हाला ओळखत नाही. निदान एकदा बोला आणि सभेनंतर एकाचा तरी नंबर घ्या. महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष सभा गाठा.

८. पहिल्या सभेवरून दुसरीपर्यंत

पहिली सभा बहुतेकांना आवडत नाही. कंटाळा येतो, किंवा "मी काही इतका वाया गेलेलो नाही" असं वाटतं. एका सभेवरून मत बनवू नका. निदान पाच-सहा करा, जमल्यास वेगवेगळ्या समूहांच्या.

निघताना दोन-तीन नंबर घ्या आणि त्याच रात्री एकाला "पोचलो" एवढा फोन करा. हा सरावाचा फोन. खरी तल्लफ येते तेव्हा ज्याला कधीच फोन केलेला नाही, त्याला फोन लावायला जमत नाही. "आयुष्यभर सोडली" अशी शपथ घेऊ नका. देवळात नारळ ठेवून घेतलेल्या शपथा आपण किती मोडल्या ते आपल्यालाच ठाऊक. सभेत आजच्या चोवीस तासांपुरतंच बोलतात. प्यालात, तरी पुढच्या सभेला जा. "आता कुठल्या तोंडानं जाऊ" म्हणून गळालेली माणसं जास्त, हाकललेला एकही मला माहीत नाही.

गणपती, शिमगा, गावची जत्रा यांची तयारी पंधरा दिवस आधी करा. चाकरमानी मित्र बाटली घेऊनच येतो. काही ठिकाणी राखणदाराच्या मानालाही दारू असते, तेव्हा ते काम यंदा भावाकडे द्या. आणि तपासा: सणाच्या आठवड्यात शाळेला सुट्टी असते, हॉल दुसऱ्याच कामाला दिलेला असतो. सभा कुठं, कधी, हे फोन करून विचारा.

९. जवळ सभाच नसेल तर

दारू सोडू पाहणारी दोन-तीन माणसं सोबर राहण्यासाठी एकत्र बसली तर त्यांना स्वतःला एएचा समूह म्हणवता येतं, असं त्यांच्याच परंपरेत आहे. पण नवख्यानं पहिल्याच महिन्यात याच्या मागं लागू नये. काही महिने सोबर राहा, आधीच्या समूहातला एक जुना माणूस सोबत घ्या, सेवा कार्यालयाला कळवा आणि त्यांच्याकडून मराठी पुस्तिका मागवा.

जागा बाजारपेठेजवळ, पण बारपासून लांब. कुणाच्या घरी नको, घरच्या भांडणात सभा मोडते. भाडं थोडं का होईना द्या, फुकटची जागा कधीही जाते. वार असा धरा की परतीची गाडी मिळेल. खोलीच्या दोन किल्ल्या करा, दोन वेगळ्या माणसांकडे. यादीवर दिलेला नंबर बदलला तर त्याच दिवशी कळवा. आणि सभा रद्द करावी लागली, तरी ठरलेल्या वेळी एक जण छत्री घेऊन दाराशी उभा राहील एवढं बघा. दोन एसट्या बदलून येणारा नेमका त्याच दिवशी यायचा.